डॉक्टरांच्या गाडीचा पंखा

बंगळुरात गाडीचा हीटर लावतो कोण? रघुजीनं हा प्रश्न सकाळपासून सात-आठ वेळा विचारला होता. कधी मल्लाप्पाला, कधी गाडीला, कधी डोक्यावरच्या पत्र्याला. उत्तर कुणीच देत नव्हतं, आणि डॉक्टर हयवदनांच्या करड्या विलायती गाडीतला हीटरचा पंखा काही केल्या फिरत नव्हता.

सन एकसष्टचा डिसेंबर. जयनगरच्या कडेला, घरं संपून नाचणीची शेतं सुरू होत तिथं रघुजीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, एक खड्डा, एक दार, आणि दारावर स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी. आजूबाजूला स्वेटर घालून हिंडणारी माणसं होती खरी, पण बंगळुरातली थंडी म्हणजे सकाळी कॉफीपुरती, दहाला ऊन आलं की संपली. गाडीतलं ते हीटरचं बटण लोक पाहुण्यांना दाखवण्यापुरतं ठेवत. दाबत कुणी नसे.

डॉक्टरांनी मात्र काल संध्याकाळी ते दाबलं होतं. त्यांच्या बायकोचे, अलकाबाईंचे वडील कुन्नूरला अंथरुणाला खिळले होते. दोन महिन्यांच्या नातीला एकदा बघायचं एवढाच त्यांचा ध्यास होता. उद्या पहाटे साडेचारला लेक, नात, जावई असे तिघं निघणार, आणि नीलगिरीचा घाट चढताना त्या तान्ह्या पोरीला ऊब हवी म्हणून डॉक्टरांनी बटण दाबून बघितलं. गरम सोडा, गार वारासुद्धा आला नाही.

सकाळी आठाला ते गाडी घेऊन दारात उभे राहिले. डॉक्टर मूळचे धारवाडकडचे, बोलणं मऊ, पण आज त्या मऊपणाला धार होती.

"रघुजी, ऑक्टोबरात गाडी चार दिवस तुमच्याकडं होती. तुमच्या कार्डावर 'सर्व ठीक' असं लिहिलंय. हे ठीक म्हणायचं?"

"बघतो की, डॉक्टर. किरकोळ असणार."

"चारला येतो मी. झालं तर उत्तम. नाही झालं तर कँटोनमेंटात नेतो. आणि मग गाडीचं पुढचं सगळं तिथंच बघेन. रोज उठून दोन ठिकाणी फिरायला मला वेळ नाही."

कँटोनमेंटाचं नावसुद्धा रघुजीला नको असे. तिथल्या एका मोठ्या कारखान्यात त्यानं नऊ वर्षं गाड्या धुतल्या होत्या. धुता धुता दुसऱ्यांच्या खांद्यावरून बघून बघून तो इंजिन शिकला, आणि एक दिवस नोकरी सोडून निघाला. तेव्हा तिथला फोरमन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "जा बाबा. तुझी बादली इथंच ठेवतो, परत आलास की लागेल." डॉक्टरांसारख्या माणसाची गाडी त्याच्या गॅरेजात येते, याच एका गोष्टीवर तो गेली चार वर्षं मान वर करून चालत होता. ती गाडी आता त्या फोरमनच्या हातात जायची, आणि तो ती उघडून खो खो हसायचा. त्यापेक्षा खड्ड्यात उडी घेतलेली बरी.

शिवाय खरी गोष्ट अशी, की ऑक्टोबरात त्यानं ते बटण दाबून बघितलंच नव्हतं. बंगळुरात हीटर लावतो कोण!

तर तो कामाला लागला. आधी पाण्याचे पाइप चाचपले. गरम. म्हणजे इंजिनाचं गरम पाणी हीटरच्या पेटीपर्यंत पोचतंय, फक्त ती ऊब आत ढकलणारा पंखा मेलाय. मग फ्यूज काढला. जळालेला. रघुजीचा चेहरा उजळला. एवढंच ना! नवा फ्यूज घातला, बटण दाबलं, डॅशबोर्डाच्या मागून 'हूं' असा कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला आणि फ्यूज गेला. दुसरा घातला. तोही गेला. डब्यात तेवढेच होते.

"कुठंतरी वायर बॉडीला लागतेय," रघुजी म्हणाला.

"लागंल की," मल्लाप्पा म्हणाला. मल्लाप्पा हा पत्र्याचं काम करणारा, बेळगावकडचा, पन्नाशीचा माणूस. दुसऱ्या कोपऱ्यात एका टॅक्सीचं मडगार्ड ठोकत बसला होता. त्याला विजेतलं ओ की ठो कळत नसे, म्हणून तो प्रत्येक गोष्टीला होकार देई.

मग वायर शोधणं आलं. विलायती गाडीची वायर म्हणजे शिंच्या साहेबाचा कारभार. बॅटरीचं प्लस टोक बॉडीला, मायनस भलतीकडं, सगळंच उफराटं. रघुजी डॅशबोर्डाखाली उताणा पडला, मान वाकडी, टॉर्च दातात. अकरा वाजता तो बाहेर आला तेव्हा त्याला कळलं होतं ते इतकंच, की वायर कुठंही तुटलेली नाही आणि कुठंही घासलेली नाही. म्हणजे तीन तास पाण्यात.

"सिगारेटच्या पाकिटातली चांदी लाव की फ्यूजच्या जागी," मल्लाप्पा हातोडा न थांबवता म्हणाला. "आमच्याकडं लॉरीवाले तेच करतात."

रघुजीला ठाऊक होतं की असं करू नये. आपण हे दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं हेही ठाऊक होतं. पण टेकीला आलेला माणूस काय करत नाही? त्यानं चांदी गुंडाळली आणि बटण दाबलं. 'हूं' आवाज आला, वाढला, आणि बटणाच्या मागून निळा धूर निघाला. रघुजीनं झेप घेऊन बॅटरीचं टोक उपटलं. बटण वितळलं होतं, वायरीचं रबर लोळागोळा झालं होतं. सकाळी नुसता पंखा बंद होता. आता पंखा, बटण आणि वायर तिन्ही बंद.

"मल्लाप्पा!" तो ओरडला.

"मी सांगितलं, तू केलंस," मल्लाप्पा शांतपणे म्हणाला. "माझ्याकडं बघू नकोस."

एक वाजता अक्का जेवण घेऊन आली. ठकुबाई ही रघुजीची थोरली बहीण. बाराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी विधवा. आई गेल्यावर तिनंच रघुजीला वाढवलं, आणि आता ती त्याच्याच घरी होती. डबा खाली ठेवून तिनं गाडीकडं आणि मग भावाच्या तोंडाकडं बघितलं.

"स्वल्प खाऊन घे रे रघू. ऊन ऊन हाय."

"ठेव तिथं."

"गार होईल."

"होऊ दे की गार! इथं माझं सगळंच गार पडलंय आणि तुला भाताचं पडलंय!"

अक्का मागं सरली. दाराशी एक जुना टायर पडला होता, त्यावर पदर सावरून बसली. हा जेवल्याशिवाय ही उठायची नाही, हे रघुजीला माहीत होतं, आणि त्याचाही त्याला राग आला. त्या दिवशी त्याला राग आला नाही अशी वस्तू त्या गॅरेजात उरली नव्हती.

मग जे सकाळीच करायला हवं होतं ते त्यानं दीड वाजता केलं. बटण, फ्यूज सगळं बाजूला ठेवून बॅटरीपासून दोन वायरी सरळ पंख्याच्या मोटरला लावल्या. पुन्हा तेच 'हूं', आणि मोटर हाताला गरम लागली. वीज पोचत होती. मोटर जिवंत होती. ती फिरायला बघत होती आणि तिला काहीतरी धरून ठेवत होतं. सकाळपासूनचे फ्यूज त्यामुळंच जळत होते, आणि तो वेड्यासारखा वायरीला दोष देत बसला होता.

पेटी काढणं हा एक स्वतंत्र नरक होता. डॅशबोर्डाखालचा कप्पा काढा, पाइप सोडा, चार नट अशा जागी की पाना घातला तर हात जात नाही आणि हात घातला तर पाना. एक पाइप सुटला आणि आतलं गंजकं पाणी तोंडावर आलं. रघुजीनं साहेबाला, गाडीला, कुन्नूरच्या म्हाताऱ्यालासुद्धा शिव्या घातल्या. अडीच वाजता पेटी बाहेर आली. त्यानं झाकण उघडलं.

पंख्याच्या पात्यांमध्ये पिवळट, कडक ढेकळं चिकटली होती. आधी त्याला कुंभारमाशीचं घर वाटलं. नखानं एक ढेकूळ फोडलं, तर आत दाणे. तांदळाचे. हळद-कुंकू लावलेले, ओले होऊन फुगलेले आणि इंजिनाच्या उबेनं भाजून दगड झालेले तांदळाचे दाणे.

अक्षता.

मग त्याच्या डोक्यात लख्खकन सगळं आलं. काचेच्या पुढं, बॉनेटच्या वर ती जाळी. तिथून बाहेरची हवा थेट या पेटीत येते. खंडेनवमीला गॅरेजातल्या सगळ्या गाड्यांची पूजा होते, हार, हळद-कुंकू, नारळ, अक्षता. डॉक्टर तर दर वर्षी मुद्दाम त्या दिवसांत गाडी पाठवत. आणि ती पूजा गॅरेज उघडल्यापासून अक्का करत आली होती.

तो ती पेटी तशीच उचलून दाराशी गेला आणि अक्काच्या पुढ्यात आदळली.

"बघ! बघ तुझ्या पूजेचं फळ! जाळीत तांदूळ ओतायचे असतात होय? गाडी आहे की सूप आहे ही? सकाळपासून मरतोय मी इथं! डॉक्टर चालले कँटोनमेंटात, उद्यापासून मी बादली घेऊन गाड्या धुतो, मग समाधान होईल तुझं! देव, देव, देव! तुझ्या देवानं माझं गॅरेज बुडवलं!"

टॅक्सीच्या कोपऱ्यातला हातोडा थांबला. अक्कानं पेटीत डोकावून बघितलं. बोटानं एक दाणा काढला, उजेडात धरला.

"यंदा मी कुठं केली रे पूजा?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझा दीर वारला होता की, के. आर. पुरमला. सासरचं सुतक होतं मला, तुला नव्हतं. मी उंबऱ्याच्या आत पाऊल नाही टाकलं. त्या पलीकडच्या झाडाखाली उभी होते. पूजा तू केलीस."

मग रघुजीला आठवलं. केलीच होती. धोतर नेसून, अंगावर उपरणं घेऊन. डॉक्टरांची गाडी, तिची पूजाही तशीच भारी व्हायला हवी म्हणून ताटातल्या अक्षता ओंजळीनं उधळल्या होत्या, वरून नारळाचं सगळं पाणी शिंपडलं होतं. रस्त्यापलीकडून अक्का ओरडत होती, रघू, चिमूटभर रे, चिमूटभर, आणि त्याला तेव्हाही तिचा रागच आला होता. इतक्या वर्षांची सवय अशी, की पूजा म्हटलं की अक्का. स्वतःचा हात त्याला आठवलाच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी असं वाटलं, पण घड्याळात पावणेतीन झाले होते. तो पेटी उचलून आत गेला.

पुढचा तास त्यानं नुसते हात चालवले. ढेकळं खरवडून वर्तमानपत्रावर काढली, पाती पुसली, आसाला तेल दिलं. वायरी लावल्या आणि पंखा असा गरगरला की वर्तमानपत्र उडालं. टॅक्सीवाल्याच्या दिव्याचं बटण काढून तात्पुरतं बसवलं, नवी वायर ओढली, पेटी परत बसवून पाइप जोडले, मल्लाप्पाला रस्त्यापलीकडच्या दुकानात पिटाळून फ्यूज आणवला. चाराला पाच कमी असताना डॉक्टर घोड्याच्या जटक्यातून उतरले, तेव्हा इंजिन चालू होतं आणि हीटरमधून ऊबदार वारा येत होता.

डॉक्टरांनी आत हात घालून बघितला. त्यांचा चेहरा सैल झाला.

"वा! काय होतं हो?"

रघुजीनं घसा खाकरला. पण डॉक्टरांची नजर तोवर बॉनेटवरच्या वर्तमानपत्रावर गेली होती. त्यांनी पिवळा दाणा चिमटीत धरला, दाराशी बसलेल्या अक्काकडं बघितलं आणि मोठ्यानं हसले.

"अहो अक्का! गाडीला जेवू घातलंत की तुम्ही!"

अक्कानं रघुजीकडं बघितलं. रघुजी हातातला पाना पुसत होता. मघाच पुसलेला पाना तो पुन्हा पुसत होता. एवढंच म्हणायचं होतं, डॉक्टर, मी टाकल्या. तीन शब्द. पण डोळ्यांसमोर फोरमन आला.

"होय बा," अक्का म्हणाली. "म्हातारं माणूस. नजर गेली, हातही कापतो."

"सरी, सरी, असू दे. देवाचंच काम ते." डॉक्टर अजून हसत होते. मग रघुजीच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पण पुढच्या वर्षी पूजा तुम्ही स्वतः करा, रघुजी. तुमचा हात नेमका आहे. माझी गाडी दुसऱ्या कुणाकडं जायची नाही आता."

"हो, डॉक्टर," रघुजी म्हणाला.

गाडी गेली. रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो दारात उभा राहिला. आत मल्लाप्पानं हातोडा उचलला नव्हता. तो रघुजीकडं नुसता बघत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कशालाच होकार देत नव्हता. अक्का उठली, जराही न कापणाऱ्या हातानं तिनं लुगडं झटकलं.

"अक्का," रघुजी म्हणाला. "चुकलं माझं."

"ते मला ठाऊक हाय की," अक्का म्हणाली. "मला कशाला सांगतोस? ज्याला सांगायचं तो गेला."