आपल्या माणसाची शिफारस

रोज पहाटे हातपाय धुऊन मी बौद्ध सूत्राचं एक पान कुंचल्यानं उतरवते. पान पुरं होईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही आणि नंतर दिवसभर खोटं बोलायचं नाही, हे व्रत. तेवीस वर्षांत ते चुकलेलं नाही. म्हणून माझ्या हाताखालच्या शिहोनं शिफारस मागितली तेव्हा मला भीती वाटली ती एवढीच, की हातून एखादा शब्द जास्तीचा जाऊ नये.

जपानमधल्या साबाए गावातला आमचा चष्म्याच्या फ्रेमचा कारखाना मार्चअखेर बंद होणार होता. माझं तर वय झालं, शिहो एकोणतीसची. काडीला बिजागरी जोडण्यात तिचा हात असा, की सांधा शोधून सापडत नाही. नोकरीधंद्याच्या ओळखी जुळवणाऱ्या एका साइटवर डेन्मार्कच्या एका कंपनीतल्या बाईंनी तिचं काम पाहिलं. इंग्रजीत चारदा लिहिणं-बोलणं झालं. शेवटी त्यांनी एवढंच मागितलं : तुमच्या वरिष्ठांनी साइटवरच्या तुमच्या पानावर दोन शब्द लिहावेत, शुक्रवारपर्यंत.

"मिझोए-सान, एवढं कराल?" दुपारच्या चहाला शिहो म्हणाली. "तुम्ही लिहिलंत की झालंच."

"तिथं आपली टिमकी आपणच वाजवायची असते म्हणे," घासाईवाले तोकुजी-सान कपातून मान वर न करता बोलले. "आणि या पोरीला साधं 'येते' म्हणायला दोनदा वाकावं लागतं."

"म्हणून तर मिझोए-सानना वाजवायला सांगतेय," शिहो हसली.

शब्दकोश घेऊन मी तीन संध्याकाळी बसले. लिहिलं ते असं : 'शिहो अजून कच्ची आहे. तिला शिकायचं पुष्कळ आहे. आपणांस तिचा त्रास होईल, तरी कठोरपणे वळण लावून तिला सांभाळून घ्यावं, ही हात जोडून विनंती.'

घरचं माणूस बाहेरच्यांच्या हाती देताना आम्ही असंच बोलतो. माझं लग्न झालं तेव्हा आईनं माझ्याबद्दल याहून वाईट सांगितलं होतं, आणि ते ऐकून सासूबाईंचे डोळे भरून आले होते. शिहोचेही आले. ती मान लववून बराच वेळ उभी राहिली.

सोमवारी डेन्मार्कच्या बाईंचं मला पत्र आलं. 'आपल्या प्रामाणिकपणाबद्दल मनापासून आभार. उणिवा इतक्या स्पष्टपणे सहसा कोणी सांगत नाही. आम्ही दुसऱ्या कारागिराची निवड केली आहे.' मी शब्द न् शब्द शब्दकोशात पाहिला. अर्थ काही बदलेना.

लगेच उलट लिहिलं : ही आमची बोलायची रीत आहे, हिच्यासारखा हात आमच्या कारखान्यात दुसरा नाही. अदबीनं उत्तर आलं की जागा भरली. शुक्रवारी एक आणि सोमवारी दुसरंच लिहिणाऱ्या बाईवर त्यांनी तरी विश्वास कसा ठेवावा?

शिहोलाही नकार आला होता. "माझंच इंग्रजी कमी पडलं," ती म्हणाली.

"नाही गं. माझ्या लिहिण्यानं गेलं."

"काहीतरीच. तुम्ही तर किती आपलेपणानं लिहिलंत."

मी पुन्हा समजावलं. तिनं हो-हो केलं. पटलं नाही, हे दिसतच होतं. निदान पुढच्या कोणी तिचं पान उघडलं तर आडवं येऊ नये, म्हणून त्या संध्याकाळी मी जुनं काढून नवं लिहिलं : 'कारखान्यातल्या एकतीस वर्षांत असा हात मी पाहिला नाही.' त्यात एक शब्द जास्तीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी हातमोजे घालायच्या आधीच शिहो फोन घेऊन माझ्याजवळ आली. चेहरा उतरलेला.

"तुम्ही ते बदललंत?"

"हो. जे खरं ते लिहिलं."

"माझ्याकडून काही चुकलं का, मिझोए-सान?"

"तुझ्याकडून? कशावरून?"

"इतकं कौतुक तर परक्याचं करतात."

घासाईचं चाक सुरू झालं.

"जुनंच परत लावाल?" तिनं फोन माझ्या हातात दिला. "कंपनी काय, दुसरी मिळेल."

जुनं लावलं तर मिळणार नाही, हे मला ठाऊक होतं. ती मान लववून उभी होती. कारखाना बंद व्हायला एकोणीस दिवस उरले होते. हो म्हणावं तर तिचं नुकसान आणि नाही म्हणावं तर मी तिची कोणी नाही. मी फोन धरून तशीच बसून राहिले, तोवर त्याच्या काचेवरचा उजेडही विझला.