खिळ्यावरची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. माझ्याजवळ सांगण्यासारखे फार नाही, आणि जे आहे ते नीट सांगता येईल की नाही, याचीही मला शंका वाटते. पण मूल गावच्या रस्त्यावरच्या एका भातगिरणीत जे घडले, ते मी पाहिले आहे. म्हणून बोलते.

माझा जन्म चंद्रपूरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. सपाट चौकट, आत बोटाचे टोक जाईल एवढी भोके, वर पिवळा रंग. गिरणीत मोटारीपासून यंत्रापर्यंत एक रुंद पट्टा गरगर फिरतो. त्या पट्ट्यापुढे मला चार नटांनी बसवायचे, म्हणजे कोणाचा हात किंवा पदर आत जाणार नाही. कायदा तसे सांगतो. चालते यंत्र उघडे ठेवू नये, आणि ते पाहण्याची जबाबदारी मालकाची. एवढ्या मोठ्या कामासाठी आपल्याला निवडले, याचा मला पहिल्या दिवशी संकोचच वाटला होता.

पहिला हंगाम मी जागेवर होते. पण पट्ट्याखाली कोंडा साचे. तो काढायला मोटार बंद करावी लागे, मुखरू मिस्त्रीला चारही नट सोडावे लागत, आणि तोवर दाराशी धानाचे ट्रॅक्टर खोळंबत. एके दिवशी मालक हरिदासभाऊ वैतागले.

"मुखरू, दिवसातून तीनदा हे काय काढघाल लावली? टांग तिले खिळ्यावर."

"अन् कोणी तपासाले आलं तं, भाऊ?"

"आलं का लावजो ना. ते का पळून चालली?"

सगळे हसले. पलीकडच्या भिंतीत एक खिळा ठोकला गेला आणि मी त्यावर लटकले. हरिदासभाऊ वाईट माणूस नव्हते. कोणी आजारी पडले, तर ते स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेत. त्यांना फक्त वाटे, की आजवर काही झाले नाही, म्हणजे होणारच नाही.

दसऱ्याला मात्र माझी आठवण होई. त्या दिवशी गिरणीत यंत्रांची पूजा असे. सर्वांत जुन्या कामगार बायनाबाई मला खिळ्यावरच हळदकुंकवाची पाच बोटे लावीत. कुंकू भोकांतून मागच्या भिंतीला लागे. असे सहा दसरे गेले. भिंतीवर कोंड्याची धूळ चढत गेली, आणि माझ्या पाठीमागे मात्र एक स्वच्छ चौकोन राहिला, त्यावर कुंकवाचे पाच ठिपके, दरवर्षी थोडे जाड होत जाणारे.

पट्ट्याखाली झाडायचे काम नूतनकडे होते. पंचविशीची, हसरी. दुपारच्या सुट्टीत तिची मुलगी साक्षी शाळेतून येई, आणि नूतन दारात बसून तिच्या दोन वेण्या घाली. तिची बोटे फार चपळ होती. सुट्टी संपली की ती खराटा घेऊन चालत्या पट्ट्याखाली वाके. तिचा पदर पुढे लोंबे, आणि मी समोरच्या खिळ्यावरून पाहत राही.

"बाई, त्या जाळीले हळदकुंकू अन् आपल्याले कोंडा!" ती एकदा म्हणाली.

"तू पदर खोच आधी," बायनाबाई म्हणाल्या. "पट्ट्याले माणूस वळखू येत नाई."

या हिवाळ्यात कारखाना निरीक्षक साधना मॅडम येत असल्याचा निरोप नाक्यावरच्या चहावाल्याने आधीच दिला. मुखरूने मला ओल्या फडक्याने पुसून पट्ट्यापुढे बसवले. रिकाम्या खिळ्यावर हरिदासभाऊंनी एक मोठी पाटी लावली. तिच्यावर लिहिले होते, 'सुरक्षा प्रथम'. भिंतीवरचा चौकोन तिच्यामागे झाकला गेला.

"ही जाळी रोज लावलेली असते का?" मॅडमनी नूतनलाच विचारले.

नूतनने मालकाकडे पाहिले. गिरणी बंद पडली तर, हा विचार तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला.

"हो मॅडम, रोजच असते."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. मला वाचा असती, तर त्या वेळी मी बोलले असते का? खात्रीने सांगता येत नाही. मॅडमची गाडी वळणापलीकडे गेली आणि पाना पुन्हा माझ्या नटांना लागला.

त्यानंतर तेराव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीला थोडा वेळ असताना, नूतनचा पदर पट्ट्यात गेला. पदर सोडवायला तिने हात घातला. मुखरू मोटारीच्या बटणापासून दोनच पावलांवर होता. पण दोन पावले फार असतात, मित्रांनो. तिचा उजवा हात कोपरापासून गेला.

तिला गाडीत घालत होते, तेव्हा हरिदासभाऊ मागे वळले.

"मुखरू, आधी जाळी लाव."

मला त्या दिवशी जितक्या घाईने बसवले, तितक्या घाईने कधीच बसवले नव्हते. खिळ्यावर पुन्हा पाटी आली. मग कागद तयार झाला. जाळी जागेवर होती, कामगार स्त्रीने ती स्वतः काढली, असे त्यात लिहिले होते. तसे ठरले असते, तर कायदाही नूतनच्या बाजूने उभा राहिला नसता. आणि तिचे स्वतःचे शब्द मॅडमच्या वहीत होतेच. रोजच असते.

चौकशीला मॅडम पुन्हा आल्या. एकामागून एक कामगार खाली मान घालून तेच सांगून गेला. शेवटी बायनाबाई उठल्या. त्यांचा हात साक्षीच्या खांद्यावर होता. साक्षीच्या वेण्या त्या दिवशी बायनाबाईंनी घातल्या होत्या, एक वर, एक खाली.

"मॅडम, ते पाटी काढून पाहा."

"बायनाबाई, गप बसा!" हरिदासभाऊ म्हणाले.

"लय वर्सं गप बसलो, भाऊ. दरसाल हिले कुंकू मीच लावतो. जाळी इथी पट्ट्यापुढं रायते, तं कुंकू तिकडं भिताडाले कसं गेलं?"

मॅडमनी पाटी उतरवली. काळवंडलेल्या भिंतीवर माझ्या मापाचा चौकोन होता, आणि त्यात पाच लाल ठिपके. त्यांनी एकावर बोट टेकवले. बोटाला कुंकू लागले.

"जाळी कोण काढत होतं?"

मुखरूने हातातला पाना जमिनीवर ठेवला. "मीच, मॅडम. भाऊ सांगत, मी काढत होतो. सहा वर्सं."

आता मी एका सरकारी खोलीत पडून आहे. गळ्यात नंबराचा बिल्ला आहे. खटल्याचा निकाल लागायचा आहे. मी निर्दोष आहे असे लोक म्हणतात, पण मला ते पटत नाही. जिला वाचवायला मी जन्मले, तिला मी भिंतीवरून नुसते पाहिले.

मित्रांनो, तुमचे आईवडील जिथे कामाला जातात तिथे माझी एखादी बहीण नक्की असेल. ती पुसलेली आहे का, रंगवलेली आहे का, हे पाहू नका. तिची जागा पाहा. त्या गिरणीत नवी जाळी आली आहे, म्हणे. पण भिंतीतला खिळा अजून कोणी उपटलेला नाही.