शेवंतीचा स्वभाव

पेडण्यातल्या चोपडे गावात टेप घेऊन आलेला माणूस काही ना काही घेऊनच जातो, असं कृष्णनाथचं आयुष्यभराचं निरीक्षण होतं. एकदा टेप आली आणि रस्ता रुंद होऊन त्याचा माड गेला. पुढच्या खेपेला आली तेव्हा कुंपण आत सरकलं. त्यामुळे "काल हरमलात गायींची मापां घेतल्यानी, उद्या तुमच्याकडे येतले," असं पोदेराने पावाबरोबर सांगितलं, तेव्हा कृष्णनाथने आधी पाव दाबून पाहिला आणि मग बातमी. दोन्हींत हवाच जास्त वाटली. तरी त्याने विचारून घेतलं.

"हरमलात काय केल्यानी?"

"उंची मापली, शिंगां मापली, शेपडी मापली."

"शेपडी कित्याक?"

"माका खंय म्हायत?"

शेपटी कशाला, हे ज्या अर्थी कोणालाच ठाऊक नाही, त्या अर्थी खरा डाव शेपटीतच असणार.

कृष्णनाथची गाय शेवंती नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी होती. पापण्यासुद्धा पांढऱ्या. अशी गाय सरकारच्या नजरेस पडली की परत गोठ्यात दिसणार नाही, याविषयी त्याला शंका नव्हती. बाकी सगळ्याविषयी होती. बायको गेल्यापासून त्याच्या हाकेला ओ देणारी तेवढी शेवंतीच उरली होती.

संध्याकाळी तो शेजारच्या विनोदिनीकडे गेला. तिची काशी तांबूस, पोटावर डाग, एक शिंग पेडण्याकडे तर दुसरं डिचोलीकडे.

"वहिनी, उद्या तुझी काशी माझ्या गोठ्यात बांधतंय. शेवंती तुझ्या मांगरात रवांदे."

"कित्याक, भावोजी?"

"हवापालट."

"आणि ती माणसां माझ्याकडे इली तर?"

"गाय नाय म्हणान सांग."

"बरां," विनोदिनी म्हणाली. ती हसली नाही, म्हणून त्याला तिचाही संशय आला.

सकाळी दोघं आली. सिद्धी नावाची डिचोलीची मुलगी गायींचा अभ्यास करत होती, आणि महादेव टेप धरायला होता. कृष्णनाथने त्यांना बसायला कदेल दिली नाही. उभा माणूस लवकर जातो.

"काका, ही तुमची?" सिद्धीने काशीकडे बघत विचारलं.

"गळ्यातलां दावां माझांच मां?"

मापं सुरू झाली. काशीला या वयात एवढं लक्ष कोणी दिलं नव्हतं. ती लाजल्यासारखी गोल फिरू लागली. "उबी रव गे!" कृष्णनाथ खेकसला, आणि कुंपणापलीकडच्या मांगराच्या छपराखालून शेवंतीने लांबलचक ओ दिली.

"तिथेही गाय आहे?"

"भास," कृष्णनाथ म्हणाला. भासाने पुन्हा हंबरून दाखवलं.

सिद्धी कुंपण ओलांडून गेलीसुद्धा. "काकी, तुमची का ही?"

विनोदिनी तांदूळ निवडत होती. "माझ्या मांगरात आसा खरी."

शेवंतीला बघून सिद्धीचा चेहरा उजळला. महादेव टेप घेऊन वाकला, तशी शेवंतीने लाथ झाडली. बालदी एकीकडे आणि महादेव दुसरीकडे.

"मारकी आहे का, काकी?"

विनोदिनीने कुंपणाकडे एक नजर टाकली. "तशीच ती. पयल्यापासून."

"महादेव, लिहून घे. स्वभाव मारका." आणि सिद्धीने कानाला बिल्ला मारायचा चिमटा काढला.

कृष्णनाथ कुंपणाआडून बघत होता. बिल्ला विनोदिनीच्या नावाने बसला, तर शेवंती उद्यापासून विनोदिनीची. तेही गिळता आलं असतं. सरकारने नेण्यापेक्षा शेजारी बरी. पण मारकी?

"कोण मारकी?" तो कुंपणावरून आला; फाटक बाजूलाच होतं. त्याने शेवंतीच्या वशिंडावर हात ठेवला. ती देवळातल्या दगडासारखी उभी राहिली आणि त्याची बाही चाटू लागली.

सिद्धीने चिमटा खाली केला. "काका, ही कोणाची?"

"माझी."

"आणि तिकडची?"

"ती पाव्हणी."

विनोदिनी आत्ता हसली. तिला हे कालच माहीत होतं की काय, हा संशय कृष्णनाथने पुढच्यासाठी राखून ठेवला.

"घेऊन जावक आयल्यात तिका?" त्याने सरळ विचारलं.

"गाय नाही नेत, काका. फक्त आकडे. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या गायी जातीने एकच, पण उंचीत, शिंगांत फरक पडतो. तो किती, ते बघायचंय."

"डिचोलीची उंच?"

"आतापर्यंत थोडी उंच भरलीय."

मापणारी मुलगीही डिचोलीचीच, हे कृष्णनाथच्या ध्यानात आलं. मग त्याने महादेवच्या हातून टेपचं टोक काढून स्वतःच्या मुठीत घेतलं. उंची त्याने पुन्हा मोजायला लावली, कारण शेवंती उतारावर उभी होती. मग तिला सपाटीवर आणून पुन्हा मोजायला लावली, कारण टेप सैल होती. महादेवने लिहिलेला मारका स्वभावही त्याने जवळ उभं राहून खोडून घेतला.

शेवटी सिद्धी सामान आवरू लागली.

"थांब गे," कृष्णनाथ टेप न सोडता म्हणाला. "शेपडी रवली."