विसाव्या मिनिटाला

नव्या नियमाने आमचा भत्ता मुलांच्या प्रगतीवर ठरायचा. वर्षाच्या सुरुवातीला एक चाचणी, शेवटी तशीच दुसरी. दोन्हींतलं अंतर जितकं जास्त, तितका शिक्षकाचा भत्ता जास्त. "वर चढवता येत नसेल, तर खालून सुरुवात करा," असं एक जुने सर चहा पिताना म्हणाले. सगळे हसले. मी मात्र ते गाठीशी बांधलं.

पहिली चाचणी चाळीस मिनिटांची. वर्गातलं घड्याळ मी आदल्या दिवशीच दुरुस्तीला दिलं होतं. विसाव्या मिनिटाला मी पेपर गोळा करायला लागले.

"बाई, इतक्यात वेळ संपला?" मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं. वर्ग तिला कासव म्हणायचा. प्रत्येक गणित ती दोनदा पडताळायची आणि मग पट्टीने उत्तराखाली दोन रेघा मारायची. तिचं उत्तर चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"संपला," मी म्हणाले.

तिने चारच गणितं सोडवली होती. चारही बरोबर, चारही उत्तरांखाली दोन-दोन रेघा. वीसपैकी चार म्हणून तिला कच्च्या मुलांच्या जादा तासाला बसवलं. तेव्हाही मला तोंड उघडता आलं असतं.

वर्षाअखेरीस, पूर्ण चाळीस मिनिटांत, तिला अठरा मिळाले. दोन गणितं चुकली. उत्तरांखाली रेघा नव्हत्या. पडताळत बसू नकोस, वेळ जातो, हे जादा तासात मीच तिला शिकवलं होतं.

शाळेतली सर्वांत मोठी प्रगती तिचीच. मुख्याध्यापकांनी तिला आणि तिच्या आईला बोलावून घेतलं, माझं कौतुक करायला. भत्त्याचं पत्र त्यांच्या हातातच होतं.

"तुमच्या हाताला यश आहे, बाई," आई म्हणाली. ती कपडे शिवायची. "ते चार मार्क बघून मी तर हिला शाळेतून काढून मशीनवर बसवणार होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "बाई, मी आधी ढ होते ना?" तिने विचारलं. रुसून नाही, सहज. बऱ्या झालेल्या तापाबद्दल विचारावं तसं.

मुख्याध्यापकांनी पत्र पुढे केलं.

"हो," मी म्हणाले. "पण आता नाहीस."

तिने मान डोलावली. बाई खोटं कशाला सांगतील?