ओळ उचलणारी

"हात आत घातलासच कशाला? डोळे काय खुंटीला टांगले होते?"

साहेबांच्या टेबलासमोर इस्पितळाच्या लाँड्रीतली नवी मुलगी पट्टी बांधलेला हात पोटाशी धरून उभी होती. चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरवर तिची बोटं भाजली होती आणि साहेब निष्काळजीपणाचा ठपका ठेवून तिलाच घरी बसवायला निघाले होते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"बोटं आत जाऊ नयेत म्हणून असते ती रोलरची जाळी मोडलेली होती, साहेब," ती कशीबशी म्हणाली.

साहेब सुपरवायझरबाईंकडे वळले. "खरं का हो? तुम्हाला माहीत होतं?"

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांचा आवाज अडला. दाराशी उभ्या असलेल्या, लाँड्रीतच काम करणाऱ्या कोरसमावशीनं ते लगेच ओळखलं.

कॉलेजात बाई आणि मावशी गाण्याच्या एकाच पथकात होत्या. तेव्हा चळवळीच्या गाण्यांनी पोरांना वेड लावलं होतं. वसतिगृहाच्या जिन्यात, बसथांब्यावर तीच गाणी. बाई मुख्य गायिका. माइक लागत नसे, म्हणून त्यांचं नाव भोंगा. मावशी मागे कोरसात, म्हणून ती कोरस. पहिल्याच मोर्चात समोर पोलिसांची रांग दिसली आणि भोंग्याची वाचाच बसली. पथकाचा नियम होता: जिचा आवाज अडेल तिच्याकडे बघायचं नाही. ओळ उचलायची, अर्ध्यावर सोडायची, पुढची तिची ती घेते. त्या दिवशी मावशीनं ओळ उचलली आणि पुढची भोंग्यानं घेतली होती. गाणी सुटली, पण मावशीची ही खोड काही सुटली नाही. भोंगा सुपरवायझर झाल्यापासून मात्र दोघींत कामापुरतंच बोलणं उरलं होतं, आणि मावशीला त्याचं फार वाईट वाटे.

मोडलेली जाळी मावशीनंही पाहिली होती, आणि ते सांगायला साहेबांकडे जाणाऱ्या बाईंनाही. तिनं सगळं सांगून टाकलं असतं तर मुलगी कदाचित वाचली असती, पण मैत्रीण कायमची तुटली असती. तिनं खिडकीबाहेर नजर लावली.

"गेल्या महिन्यात जाळी मोडली, साहेब, तेव्हा बाई तुमच्याकडे आल्या आणि..."

मावशी थांबली.

"आणि मी तुम्हाला सांगितलं," बाई म्हणाल्या. आवाज भिंतीला जाऊन लागला. "दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, चालवा तसंच. मी चालवलं. चूक तुमची न् माझी. पोरीची नाही. जाळी बसेपर्यंत आता रोलर बंद."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. "बरं, बरं. राहू दे तिला कामावर."

खाली लाँड्रीत चादरींचा डोंगर साचला होता.

"मावशी, मध्येच का हो थांबलात? माझा तर जीवच गेला!" मुलगी म्हणाली.

"पुढची ओळ माझी नव्हती गं."

मावशीनं एक चादर हातानं घडी करायला घेतली. दुसरं टोक येऊन बाईंनी धरलं. जवळ येत, लांब जात बाई हळूच पथकातलं जुनं गाणं गुणगुणू लागल्या:

"हात आमचा, घाम आमचा..."

वरच्या सुरावर आवाज फाटला. तो आता पूर्वीचा राहिला नव्हता. मावशीनं मान खाली घालून चादरीची कड जुळवली आणि ओळ उचलली.