दंडातली टकटक

मित्रांनो, एखाद्या दवाखान्यात राखाडी लोखंडी पेटी दिसली, तिचे झाकण उघडताच काचेची नळी ताठ उभी राहिली आणि नळीच्या तळाशी चंदेरी पारा चकाकला, तर समजा की तुम्हाला माझा एखादा भाऊबंद भेटला. आम्ही रक्तदाब मोजतो. मी आता म्हातारा झालो आहे, तेव्हा 'मोजत होतो' म्हणणेच बरे.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. तिथे कोणी पट्टे शिवत, कोणी रबरी फुगे जोडत, कोणी काचेवर बारीक रेघा आखत. माझ्या पोटात पारा ओतला तेव्हा मला पहिल्यांदा जड वाटले आणि जिवंतही वाटले. तिथून मी एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आलो. त्या तेव्हा नवख्या होत्या. रोज संध्याकाळी मऊ फडक्याने मला पुसत आणि आल्यागेल्याला सांगत, "माझा हा जोडीदार फार इमानी आहे हं!"

माझे काम तुम्हाला साधे वाटेल. दंडाला पट्टा गुंडाळायचा, फुगा दाबून हवा भरायची, हळूहळू सोडायची. पण मधे एक क्षण असा येतो की त्या हाताचे रक्त थांबते. डॉक्टरीणबाईंच्या कानातल्या नळ्यांत तेव्हा काहीच ऐकू येत नसे. विहिरीच्या तळाशी असते तशी शांतता. मग हवा उतरता उतरता आतून आवाज येई. टक्. टक्. टक्. बंद खोलीत कोणी अडकले असावे आणि त्याने आतून दार वाजवावे, तसा. ज्याचा हात असे त्याला मात्र तो ऐकू येत नसे. तो खिडकीबाहेर पाहत बसे, जांभई देई, भाजी महाग झाल्याचे सांगे. लोक रागावले की त्यांचा पारा चढला असे तुम्ही म्हणता. माझा पारा मात्र हसऱ्या माणसांसमोरच सर्वांत वर चढलेला मी पाहिला आहे.

दवाखान्यासमोर, रस्त्यापलीकडे, दोन भावांचे शिवणकामाचे दुकान होते. थोरल्याला सगळे दादा म्हणत आणि धाकट्याला मास्तर. दादा गडगडाटी हसणारे, पोट सुटलेले. मास्तर काटकुळे आणि अबोल. दादा खोकल्याचे औषध घ्यायला आले आणि डॉक्टरीणबाईंनी सहज मला त्यांच्या दंडाला बांधले. पारा इतका वर असतानाच टकटक सुरू झाली की बाईंना वाटले, मीच बिघडलो. त्यांनी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधून पाहिला. मी बिघडलो नव्हतो.

"अहो बाई, मी ठणठणीत आहे," दादा हसून म्हणाले. "तुमचं यंत्रच आजारी दिसतंय. त्यालाच द्या गोळी!"

पण गोळ्या दादांनाच मिळाल्या. काही काळ ते नेमाने येत राहिले. पारा खाली आला, बाई खूश झाल्या. पुढे दादांचे येणे विरळ झाले आणि मग थांबलेच. बाईंनी निरोप पाठवला की ते रस्त्यापलीकडून हात उंचावून दाखवत, सगळे ठीक आहे म्हणून.

एका सकाळी त्या दुकानाचे शटर अर्धेच वर गेले आणि तिथेच थांबले. ते ढकलणारा दादांचा हात खाली पडला होता. बाई मला घेऊन धावल्या. त्यांनी पट्टा बांधला, फुगा दाबला, हवा सोडली. मी वाट पाहत राहिलो. नळीतला पारा तळापर्यंत उतरला. आतून कोणीही दार वाजवले नाही.

दादांच्या मागे दुकान मास्तरांनी चालवले. त्या दुकानात लाकडी पायावर उभा असलेला, कापूस भरलेला एक पुतळा होता. कपडा अंगात कसा बसतो ते पाहायला शिंपी ठेवतात तसा. त्याला डोके नव्हते, हात नव्हते. दादांनी तो गंमत म्हणून स्वतःच्या मापाचा केला होता, अगदी पोटासकट, आणि त्याच्यावर स्वतःसाठी एक काळा कोट बेतला होता. कोट अर्धाच राहिला. मास्तरांनी तो पुरा केला, काजे केली, बटणे लावली आणि पुतळ्याच्या अंगावरच ठेवला. दारातून वारा आला की पुतळा किंचित फिरे. येणारी गिऱ्हाइके त्याच्याकडे पाठ करून उभी राहत नसत.

पुढे मास्तरांचाही दाब चढलेला निघाला. "एका रक्ताचे भाऊ तुम्ही," बाई म्हणाल्या, "तेव्हा हयगय नको." मास्तरांनी मान डोलावली आणि औषधाची चिठ्ठी खिशात घातली.

इथून जे घडले त्याने मला पुरते भंडावून सोडले. मास्तर गोळ्या घेत होते, तरी पारा उतरेना. बाईंनी गोळी बदलली, वाढवली. त्यांच्या घरातले मीठ कमी करवले. पारा तिथेच.

"मास्तर, खरं सांगा, गोळ्या चुकवता का?"

"नाही हो बाई."

"मी स्वतः त्यांच्या हातावर ठेवते," मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या. सगळे त्यांना काकू म्हणत. "पाणीसुद्धा मीच देते. माझ्या डोळ्यांदेखत घेतात."

काकू खोटे बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. मग खोटे बोलत होते कोण? उरलो मी. बाईंनी मला दुरुस्तीला पाठवले. त्या माणसाने माझा पारा काढून गाळला, नळी धुतली, पट्ट्यातला रबर बदलला आणि परत देताना म्हणाला, "याच्यात काही दोष नाही, डॉक्टर." तरीही बाईंनी त्यानंतर मला पूर्वीसारखे पुसले नाही. मित्रांनो, इमानी म्हणून नावाजलेल्याला संशयाने पाहिले की काय वाटते, ते ज्याचे त्यालाच कळते.

एकदा सकाळी बाई मला घेऊन दुकानातच गेल्या. काकूंनी पाण्याचा पेला आणला, मास्तरांच्या तळहातावर गोळी ठेवली. मास्तरांनी हात तोंडाशी नेला, मान मागे टाकली, पाणी प्याले. काकू पेला घेऊन आत गेल्या. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला, म्हणून त्या बाहेर गेल्या. कापड बेतायच्या टेबलावर मी उघडाच होतो. मास्तरांनी बोटे सैल केली. शिंपी सुई धरतो तशी ती गोळी त्यांच्या दोन बोटांच्या बेचक्यात होती. ते पुतळ्याजवळ गेले आणि ती त्यांनी काळ्या कोटाच्या खिशात सोडली. आत ती कशावर तरी पडल्याचा बारीक आवाज आला. खिसा रिकामा नव्हता.

"घे दादा, तुझी," मास्तर पुटपुटले.

वारा नव्हता. तरी पुतळा हळूच फिरला आणि त्याची छाती माझ्याकडे झाली. कदाचित मास्तरांचा हात लागला असेल. मी यंत्र आहे, उगाच काही म्हणणार नाही. बाई परत आल्या, त्यांनी पट्टा बांधला, आणि मास्तरांच्या दंडातून अशी टकटक ऐकू आली की मला वाटले, आत एक नाही, दोघे अडकले आहेत. मला जीभ असती तर! पण माझ्याकडे फक्त पारा होता. मी तो जितका खरा होता तितका दाखवला. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि गोळी आणखी वाढवली.

भर दुपारी, गिऱ्हाइकासमोर कापड कापताना मास्तरांच्या उजव्या हातातून कात्री गळाली. ती उचलायला ते वाकले, पण बोटे मिटेनात. काही बोलू गेले तर शब्द वाकडे येऊ लागले. गिऱ्हाईक ओरडत रस्ता ओलांडून दवाखान्यात आले. बाईंनी मास्तरांना तातडीने मोठ्या इस्पितळात हलवले, म्हणून जीव वाचला. उजवा हात मात्र पांगळा झाला.

मास्तर घरी आल्यावर बाई त्यांना पाहायला गेल्या. मी बरोबर होतोच. दुकानामागच्या खोलीत मास्तर खाटेवर पडले होते. दादांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, उशाशी बसल्या होत्या. तेवढ्यात काकू दुकानातून आल्या. पुतळ्यावरची धूळ झटकताना कोट जड लागला, म्हणून त्यांनी खिशात हात घातला होता. त्यांनी पदर पसरला. पदरात पांढऱ्या गोळ्या होत्या, काही आख्ख्या, काहींचा भुगा झालेला.

"जाऊबाई," काकू म्हणाल्या, "दादांच्या कोटात गोळ्या कशा?"

मास्तर रडू लागले. वाकड्या ओठांनी एकेक शब्द ओढत म्हणाले, "दादानं गोळ्या सुरू केल्या… आणि दादा गेला. मला नव्हतं… जायचं."

मग वहिनी उठल्या आणि त्यांनी मास्तरांचा निकामी हात हातात घेतला.

"भावोजी, अहो, ह्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. बरं वाटायला लागलं तशा सोडल्या. दुखत नाही तर औषध कशाला, म्हणाले. मला शपथ घातली, कोणाला सांगू नकोस म्हणून. मी तोंड शिवून बसले. गोळ्यांनी नाही गेले हो ते. गोळ्यांवाचून गेले."

बाई खाटेच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला दर वेळी विचारलं, घेता का म्हणून. का घ्यावीशी वाटत नाही, हे एकदाही विचारलं नाही." नंतर त्यांनी मला मांडीवर घेतले आणि फडक्याने पुसले.

त्या दिवसापासून मास्तर डाव्या हाताने गोळी घेऊ लागले. पुतळ्याची शिवण त्यांनी काकूंकडून उसवून घेतली, आतला कापूस काढला आणि तो कोट वहिनींच्या स्वाधीन केला. हळूहळू माझा पारा उतरला. टकटक शांत झाली, आपल्याच घरात कोणी निवांत पाऊल टाकावे तशी. काकू कात्री चालवायला शिकल्या. मास्तर शेजारी बसून डाव्या हातातल्या खडूने खुणा करत आणि रेघ वाकडी आली की म्हणत, "फॅशन आहे!"

आता दवाखान्यात बटण दाबले की आकडे दाखवणारे नवे यंत्र आले आहे. पारा विषारी, नळी फुटली तर घात होईल, म्हणून मला कपाटात ठेवले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

फक्त एक विनवणी आहे, मित्रांनो. तुमच्या घरीही कोणाला अशा गोळ्या असतील. त्यांना बरे वाटत असेल, आणि ते बरे वाटणे त्या गोळ्यांमुळेच आहे हे ते विसरत असतील. त्यांच्यावर पाळत ठेवू नका. दरडावू नका. जवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला या गोळीची भीती वाटते का?" ते हसतील, विषय बदलतील, खिडकीबाहेर पाहतील. पण खरे उत्तर मिळेपर्यंत तुम्ही जागचे हलू नका.