खिडकीतले मेनर्टकाका

मी शाळा सोडली तेव्हा हाइडरून आत्या म्हणाली, "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा माणसं फिरव." तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून पर्यटकांना गाव दाखवायची तिची पायी फेरी, 'बर्लिनची भिंत पडायच्या आधीचं वायमार', मला मिळाली. कवींच्या घरांवरून सगळेच नेतात. आम्ही मागच्या गल्ल्यांतून नेतो.

त्यातल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर मेनर्टकाका राहतात. ऐंशीच्या पुढचे. खिडकीच्या कठड्यावर उशी, उशीवर कोपरं, दिवसभर रस्त्यावर नजर. आमच्याकडे म्हातारी माणसं बसतातच अशी. पण हे गप्प बसायचे नाहीत.

"इथं दुधाचं दुकान होतं," मी सांगायची.

"कोळशाचं," वरून आवाज यायचा. "दूध पलीकडे. तेव्हा जन्माला तरी आली होतीस का गं पोरी?"

सगळे हसायचे. रोज काहीतरी चुकायचं आणि रोज ते पकडायचे.

एका गुरुवारी माझं टाळकं सटकलं. म्हणलं, "काकांना सगळं आठवणारच. कम्युनिस्टांच्या राज्यात गुप्त पोलिसांना खबर द्यायला अशीच माणसं खिडकीत बसायची. या गल्लीचा खबऱ्या म्हणजे हेच."

कुठून सुचलं देव जाणे. बावीस माना एकदम वर झाल्या, मोबाईलही. काकांनी उशी आत घेतली, खिडकी लावून घेतली.

तिथंच थांबले असते तर रागाच्या भरात बोलले म्हणता आलं असतं. पण त्या दिवशी लोकांनी आधी कधी नव्हत्या एवढ्या टाळ्या वाजवल्या. मग शुक्रवारी पुन्हा सांगितलं. शनिवारीही. रविवारी तर बंद खिडकीकडे बोट दाखवून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बेकरीत गेले तर पाव बांधता बांधता लोटेबाई म्हणाली, "मेनर्टचं कळलं मला. म्हणजे आमच्या दिराची चुगली करणारा तोच. काल आला होता, मी वळूनसुद्धा बघितलं नाही. शेवटी रिकाम्या हातानं गेला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी काय, सगळी गल्ली बोलतेय. तुमच्या फेरीतच सांगतात ना?"

पाव तिथंच ठेवून मी काकांच्या दारावर गेले. त्यांनी दार अर्धंच उघडलं. मी कशीबशी म्हणाले, "काका, चुकलं माझं. खोटं बोलले मी."

ते आत गेले आणि जाडजूड फाइल घेऊन आले. एकेक पान उलटून मला दाखवायला लागले, साहेबापुढे कागद धरावेत तसे. मी, दहावीत शाळा सोडलेली पोरगी, आणि माझ्यापुढे हा माणूस स्वतःची बाजू मांडत होता.

"ही त्या गुप्त पोलिसांची माझ्यावरची फाइल, भिंत पडल्यावर मिळाली. अकरा महिने तुरुंगात होतो. माझी खबर कुणी दिली ते यात आहे."

"मग नाव सांगा ना सगळ्यांना."

"त्याची पोरं इथंच राहतात. त्यांनी काय केलंय?" त्यांनी फाइल मिटली. "आणि मला कशाला सांगतेस तू? मला माहितीये मी कोण आहे. ज्यांना सांगितलंस त्यांना जाऊन सांग."

ज्यांना सांगितलं ते तर आपापल्या गावी गेले होते. कुणी कासेलचे, कुणी डेन्मार्कचे. काकांचे फोटो घेऊन.

उरली गल्ली. शनिवारी सकाळी बेकरीत रांग दारापर्यंत असते. आत शिरले आणि मोठ्यानं म्हणाले, "मेनर्टकाका खबऱ्या नव्हते. मी राग आला म्हणून खोटं बोलले. त्यांनाच तुरुंगात टाकलं होतं."

मग लोटेबाई म्हणाली, "म्हाताऱ्यानं दम दिला वाटतं पोरीला."

"आत्यानं पाठवलं असेल," मागून कुणीतरी. "कोर्टकचेरी नको म्हणून."

"कुणी पाठवलं नाही. मीच बनवलं ते."

"बनवलंस कशाला मग? काहीतरी ऐकलं असशीलच ना."

"काही ऐकलं नव्हतं."

"असं कसं?" लोटेबाईनं पुढच्या गिऱ्हाईकाला आवाज दिला. "बोला, किती देऊ?"

मी रांगेच्या पुढून मागं निघाले. पहिल्या माणसापासून सुरुवात केली, एकेकाला पुन्हा तेच सांगत. तिसऱ्यानं पाठ फिरवली. मी चौथ्याकडे वळले.